कापडाखालचा बाण

ढगे सरांची आणि माझी पहिली भेट माझ्याच दारात झाली. माझ्या यजमानांना जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. सर चपला काढून उंबऱ्याबाहेर उभे होते आणि त्यांच्या हातात यजमानांची हत्यारांची पिशवी होती. त्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण आधी डोळे पुसायचा आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागायची. सर आत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पिशवी आमच्या हॉलवर राहिली व्हती. तुमची हाय, म्हणून आणली."

माझे यजमान सुधाकर वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होते. सुट्टीच्या दिवशी ते पूल आणि बिलियर्डच्या टेबलांना कापड लावायचं काम करीत. हे काम त्यांना ढगे सरांनीच शिकवलं होतं. टेबलाचे चामड्याचे खिसे मी घरी शिवून देत असे. एरवी मी लोकांचे ब्लाउज शिवायचे. सरांचं नाव घरात रोज निघे, पण मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते नाव फारसं आवडतही नसे. नवऱ्याची सुट्टी ज्या माणसाच्या हॉलमध्ये जाते, त्याच्याबद्दल बायकोला जे वाटतं तेच मला वाटे.

पाणी पिऊन झाल्यावर सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमच्या टेबलाचं कापड बदलायचंय. सुधाकर करणार व्हता. आता तुम्ही करा."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"खिसे कोण शिवतं?"

"मी."

"चार वर्षं झाली, एक टाका उसवला नाय. म्हंजे अर्धं टेबल तुमचंच हाय. उरलेलं अर्धं शिका."

माझे दीर त्याच दिवशी गावाहून आले होते. बजाजनगरची खोली सोडायची आणि मुलीला घेऊन गावी यायचं, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. मुलगी सातवीत होती. नुसत्या ब्लाउजांवर आम्ही दोघी इथं राहू शकत नव्हतो, हे मलाही कळत होतं. सर गेल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, बाईमाणसानं कुठं पूलच्या अड्ड्यावर काम करायचं असतं व्हय?" मी उठले. पिशवी उचलून कपाटात ठेवली. गावी जायचं का इथं राहायचं, हे त्या पिशवीवर ठरणार होतं.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या खेळावर लिहिणारी जाणकार मंडळी आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं जे काही आहे ते वाचनालयातून पुस्तकं आणून वाचलेलं. खेळाबद्दल मला जेवढं कळतं तेवढंच लिहिते.

सर खुलताबादजवळच्या एका शेतकरी घरातले. विशी गाठायच्या आत ते छावणीतल्या एका क्लबात मार्कर म्हणून लागले. साहेब लोकांचे गुण मांडायचे, खिशातले चेंडू काढून द्यायचे, सकाळी टेबल झाडून त्यावर इस्त्री फिरवायची, हे त्यांचं काम. खेळायची परवानगी नव्हती. रंगीत चेंडू कपाटात कुलपात असत. टवका उडालेला एक पांढरा चेंडू तेवढा कुणी आत ठेवला नव्हता. टेबल तपासायला चालतो, असं सांगून सरांनी तो मागून घेतला. दोन वर्षं ते रोज सकाळी त्या एका पांढऱ्यावर खेळले. त्याला आपटायला दुसरा चेंडूच नव्हता. मग करायचं काय, तर तो कुठं जाऊन थांबतो ते बघायचं. पुढं साहेबांनी एके दिवशी गमतीनं त्यांच्या हातात काठी दिली, तेव्हा सर चेंडू खिशात घालण्यात कच्चे होते, पण त्यांची पांढरी (पांढऱ्या चेंडूला सर असंच म्हणतात) हवी तिथं जाऊन बसत होती. साहेब लोक खेळायचं सोडून बघत राहिले, असं म्हणतात. सर स्वतः हे कधी सांगत नाहीत. मला त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, सांगितलं.

म्हणूनच सरांकडे शिकायला येणाऱ्याला पहिला महिनाभर रंगीत चेंडू मिळत नाही. नुसता पांढरा समोरच्या गादीला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लावून परत आणायचा आणि तो काठीच्या टोकाला येऊन टेकला पाहिजे. शेजारी गेला, तर फटका मधोमध लागला नाही. ते जमलं की सर कापडावर एस.टी.चं एक जुनं तिकीट ठेवतात आणि पांढरी त्यावर थांबवायला सांगतात. कुणी लांबून अवघड चेंडू खिशात घातला आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, की सर विचारतात, "पांढरी कुठं हाय?" ती कुठंतरी कोपऱ्यात अडकलेली असते. मग म्हणतात, "रंगीत गेला तो गेला. तो आता तुमचा नाय. पांढरी तुमची हाय, तिचं बघा."

पहिल्यांदा हे वाक्य माझ्या कानावर पडलं तेव्हा मी खाली बसून खिळे काढत होते. हातोडी थोडा वेळ तशीच हातात राहिली. एवढंच सांगते.

आता त्या पहिल्या कापडाबद्दल.

ठरल्याप्रमाणे पुढच्या महिन्यात एका मंगळवारी मी गेले. हॉल बजाजनगरमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर होता; मालक दुसरे, सर तिथं शिकवायचे. मदतीला सरांचे दोन विद्यार्थी होते. जुनं कापड काढलं तेव्हा खाली टेबलाचा काळा दगड दिसला. त्यावर खडूची धूळ, डिंकाचे डाग आणि मधोमध पेन्सिलीचा एक बाण होता. सुतारानं कधीतरी खूण केली असेल असं मला वाटलं. घासायचं म्हटलं की मी थांबत नाही. ओल्या फडक्यानं सगळा दगड लख्ख पुसून घेतला. मग कापड ताणलं, ठोकलं, कडा कापल्या, इस्त्री केली. दारात जाऊन पाहिलं तर हिरवा रंग असा गडद दिसत होता की मला माझाच अभिमान वाटला.

सरांच्या हॉलमध्ये नव्या कापडावरचे पहिले फटके सरच मारतात आणि तेही एकट्या पांढऱ्यानं. एक उभा, एक आडवा. सगळे भोवती उभे राहिले. उभा फटका गेला आणि परत टोकाला येऊन टेकला. दुसरा त्यांनी अगदी हळू, मधल्या खिशाच्या रोखानं लोटला. चेंडू खिशात न पडता कडेला लागून थांबला. सर वाकलेलेच राहिले. चेंडू पूर्ण थांबेपर्यंत ते कधीच सरळ होत नाहीत. मग उठले आणि म्हणाले, "चहा सांगा सगळ्यांना. चांगलं ताणलंय."

मी निघताना मात्र त्यांनी मला थांबवलं. "ताई, उद्यापासून सकाळी नऊला या. तुम्हाला फटका शिकायचाय."

"सर, मला खेळायचं नाही. मला कापड लावायचंय."

"त्याच्यासाठीच. स्वतःचं काम स्वतःला तपासता आलं पायजे. तुमचा फटका सरळ नसंल तर चेंडू वाकडा गेल्यावर दोष हाताचा का कापडाचा, कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी मी घाबरतच गेले. पूलच्या हॉलमध्ये एकटी विधवा बाई म्हटल्यावर लोक काय बोलतील हे मला माहीत होतं. पाहते तर दाराशी खुर्ची टाकून काकू मेथी निवडत बसलेल्या. त्या आठवड्यात त्या रोज आल्या. का आल्या हे सरांनीही सांगितलं नाही आणि काकूंनीही नाही. आजवर मीही विचारलेलं नाही. दार उघडं, काकू दारात, आणि कुणाचीही तोंड उघडायची हिंमत नाही.

माझ्या पहिल्या फटक्याला चेंडू टेबलावरून उडून थेट भिंतीला लागला. काकूंनी पाय वर घेतले.

"अहो, जीव घ्यायला शिकवताय का तिला?"

"काठी आवळून धरलीय त्यांनी." सर माझ्याकडे वळले. "ताई, लाटणं असं आवळून पोळी लाटता का?"

"नाही."

"मग? लाटणं तळव्याखाली फिरतं. बोटं नुसती सांभाळतात. तसंच हे. खांदा हलवू नका, कोपराखालचाच हात झोपाळ्यासारखा जाऊ द्या. मागं नेला की जरा थांबा. घाई नाय."

"थांबून काय करायचं?"

"काय नाय करायचं. थांबायचं."

"आन् किती येळा वाकवताय तिला," काकू म्हणाल्या, "कंबर धरंल तिची."

बुधवार ते शनिवार मी रोज तासभर तो एकच चेंडू लोटत होते. मला सगळ्यात अवघड गेलं ते फटका मारल्यावर वाकलेलं राहणं. काठी चेंडूला लागली की मी लगेच मान वर करायचे. सर म्हणायचे, "बघायची घाई कशाला? तुमचा हात पुढं जाऊन थांबू द्या. चेंडू जायचा तिथंच जातो." शनिवारी सकाळी लागोपाठ दहा-बारा उभे फटके टोकाला परत आले. मग सरांनी आडवा, हळू, मधल्या खिशाच्या रोखानं मारायला सांगितलं. चेंडू सरळ निघाला आणि शेवटच्या वीतभर अंतरात दाराकडं सरकला. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

"सर, हा दाराकडं ओढला जातोय."

"हात चुकला असंल."

"नाही सर. हात सरळ आहे." हे मी इतक्या ठामपणे म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं.

"मग कापडाला विचारा."

मी कापडावर तळवा फिरवला आणि मला कळलं. त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या कापडाला मखमलीसारखी बारीक लव असायची. हळू जाणारा चेंडू त्या लवेच्या दिशेनं ओढला जातो. म्हणून जिथून डाव फोडतात, म्हणजे डावाचा पहिला फटका मारतात, त्या बाजूकडून समोरच्या बाजूकडं लव जायला हवी. आमच्या हॉलमध्ये दाराच्या बाजूनं डाव फोडत, म्हणजे लव दारापासून पलीकडं जायला हवी होती. मी ती दाराकडं आणली होती. मखमलीचा ब्लाउज बेतताना आम्ही लव खालून वर ठेवतो, म्हणजे रंग गडद दिसतो. टेबलाचंही मी तेच केलं होतं. शिंपीणच ही चूक करू शकते.

"सुधाकर दगडावर पेन्सिलीनं बाण काढायचा," सर म्हणाले. "लव कुठल्या दिशेनं ते कळावं म्हणून. दिसला नाय का?"

मी म्हणाले, "मी पुसला."

यजमानांच्या हातचं घरात फारसं काही नव्हतं. ते चिठ्ठ्या लिहिणारे नव्हते. तो बाण त्यांनी काढला होता आणि मी तो ओल्या फडक्यानं घासून पुसला होता. मी गादीला धरून उभी राहिले. काकू मेथीची जुडी खाली ठेवून माझ्याजवळ आल्या. सरांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "पुसला तर पुसला. आता तुम्ही काढायचा."

कापड उलटवायला त्या दिवशी वेळ नव्हता. रविवारी सकाळी जालन्याचा संघ सामना खेळायला येणार होता. हॉलचे मालक शनिवारी संध्याकाळी माझ्यासमोरच सरांवर चिडले. "मंगळवारी कळलं होतं तर तेव्हाच का नाही सांगितलं? पुण्याचा माणूस बोलावला असता."

"मी सांगितलं असतं तर ताईंनी माझ्या शब्दावर उलटवलं असतं," सर म्हणाले. "पुढच्या टेबलाशी मी असणार हाय का?"

मालकांचा राग मला आजही चुकीचा वाटत नाही. त्यांना आधी सांगायला हवं होतं, असं मी सरांना पुढे कितीदा तरी म्हटलं आहे. सर मान हलवतात, पण पटलं असं म्हणत नाहीत.

रविवारी जालन्याची मंडळी आली तेव्हा सरांनी सगळ्यात आधी त्यांना टेबलाजवळ नेलं आणि लव उलट असल्याचं सांगितलं. सरावासाठी टेबल तासभर त्यांच्या ताब्यात दिलं. आपल्या खेळाडूंना त्या तासात हात लावू दिला नाही. फेरोजभाई तेव्हा आपल्या संघाचे प्रमुख होते. ते सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, अपन चार दिन खेले इसपे. उनको कायकू बताना?"

"चार दिवस खेळला ना? मग तासाला कशाला भ्यायचं?"

जालन्याच्या प्रमुखानं हसत विचारलं, "हे कापड लावलं कुणी?"

मी कोपऱ्यात उभी होते. पुढे जाऊन सांगावं असं वाटलं, पण पाय उचलेना. कापड लावणारीचं नाव एकदा असं बाहेर पडलं, की पुन्हा कुठल्याही हॉलचं दार उघडणार नव्हतं. आम्हाला गावी न्यायला दीर परत यायचे होतेच.

सर म्हणाले, "माझ्याकडं शिकणाऱ्या माणसानं. लवेची दिशा मी सांगायला पायजे व्हती, मी सांगितली नाय. हात चांगला हाय त्यांचा, तुमचंही टेबल त्यांनाच द्या."

यात एक शब्दही खोटा नव्हता. सर मला वाचवायला खोटं बोलले असते तर मी त्यांची उपकृत झाले असते. त्यांनी खरं सांगितलं, म्हणून मी त्यांची विद्यार्थिनी झाले.

सामना आपण हरलो. फेरोजभाई माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. तेच आज या ग्रंथाच्या समितीत आहेत आणि हा परिच्छेद छापण्याआधी तेच तपासणार आहेत. फेरोजभाई, तो डाव कापडामुळे गेला नव्हता. तुमची पांढरी कुठं होती ते आठवा.

सोमवारी सकाळी मी कापड काढलं. कडा आधीच कापलेल्या असल्यानं पक्कडीत धरायला बोटभरही कापड नव्हतं. फाटलं असतं तर नवं यायला महिना लागला असता आणि माझं काम तिथंच संपलं असतं. दगड उघडा पडला तेव्हा सरांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मी बाण काढला, दारापासून पलीकडं. मग कापड फिरवलं आणि एकेक वीत ताणत ठोकलं. दुपार झाली. पहिला फटका मारायला सर पुढं येतील म्हणून मी बाजूला झाले, तर त्यांनी काठी माझ्याकडं केली. आता ओढ पलीकडं, म्हणून रोख केसभर दाराकडं धरून मी मारला आणि वाकलेलीच राहिले. चेंडू हळूहळू मधल्या खिशाकडं गेला, कडेशी थोडा रेंगाळला आणि आत पडला.

"पडला गं बाई!" काकू म्हणाल्या.

तेवढ्यावर जालन्याचं टेबल मिळालं. मग बीडचं, मग पडेगावच्या एका नव्या हॉलची तीन टेबलं. दिरांना मी कळवलं की खोली सोडत नाही. मुलगी इथंच शिकली, इथंच नोकरीला लागली.

सरांच्या मदतीच्या गोष्टी सांगायच्या तर हा लेख संपणार नाही, म्हणून एकच सांगते. त्यांच्याकडं बिलियर्डवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. क्लब सोडताना कुणीतरी दिलेलं. त्यातली चित्रं सरांना पाठ होती, पण मजकूर कधी वाचता आला नव्हता. मला वाचनाचं वेड आहे हे कळल्यावर त्यांनी ते मला दिलं आणि म्हणाले, "डिक्शनरी घेऊन बसा. माझंही काम होईल, तुमचंही." एक अख्खा हिवाळा मी रोज संध्याकाळी सरांना पानभर वाचून अर्थ सांगत होते. इंग्रजी मला त्या पुस्तकानं शिकवलं. एका पानावर लिहिलं होतं की फटका मारताना मनगट अजिबात हलता कामा नये. सर थोडा वेळ विचार करून म्हणाले, "लिहिणाऱ्याचं मनगट दुखत असंल." बाकी पुस्तक त्यांना मान्य होतं. पुढं माझ्या लक्षात आलं की त्या संध्याकाळच्या वेळा मला घरी सगळ्यात जड जात. ते त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं की नाही, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

सरांना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गुडघ्यामुळे त्यांना टेबलावर वाकता येत नाही. ते स्टुलावर बसून विद्यार्थ्यांचे फटके ऐकतात. टोक चेंडूला लागल्याच्या आवाजावरून फटका कुठं लागला ते सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. अजूनही कुणी मान लवकर वर केली तर स्टुलावरून "अं!" असा आवाज येतो. हल्ली बिनलवेचं कापड येतं. त्यावर चेंडू कुठंच ओढला जात नाही, म्हणून दिशेचा प्रश्न उरलेला नाही. तरीही मी प्रत्येक टेबलाच्या दगडावर बाण काढते. तरुण मुलं विचारतात, कशासाठी? मी सांगते, पद्धत आहे.

गेल्या महिन्यात सरांच्या हॉलचं कापड बदललं. बाण काढून झाल्यावर मी पेन्सिल त्यांच्यापुढं धरली आणि म्हटलं, "सर, खाली तुमची सही करा."

"कापडाखाली? कोण वाचणार?"

"मीच. पुढच्या वेळी कापड काढीन तेव्हा."

"तोवर मी कुठं असंन, कुणाला ठाऊक."

"इथंच. स्टुलावर."

सर हसले. काकूंनी त्यांना हाताला धरून टेबलापर्यंत आणलं आणि त्यांनी काकूंच्या आधारानं जरासं वाकून बाणाखाली नाव लिहिलं. मी त्यावर कापड ताणलं. ते आता तिथं आहे.

नीट झाडलं, इस्त्री केली, तर कापड तीन वर्षं टिकतं. मी वर्षं मागत नाही, कापडं मागते. सरांच्या टेबलाला माझ्या हातून अजून निदान आठ कापडं लागावीत, प्रत्येक वेळी जुनं निघाल्यावर त्यांचं नाव त्यांच्याच देखत मी मोठ्यानं वाचावं आणि त्यांनी स्टुलावरून "आता पुसू नका म्हंजे झालं" असं म्हणावं. काकूंनी दारात असावं. सरांच्या गुडघ्याला बळ मिळो आणि त्यांचे कान आहेत तसेच तल्लख राहोत.

पेन्सिल पिशवीत ठेवलेली आहे.